गैरहजर मालकाची राखण

एखाद्या शिक्षणसंस्थेचे किंवा विद्यार्थी साहाय्यक निधीचे पत्र हातात आले, की आपण मजकूर वाचतो, खालची सही पाहतो आणि पत्र बाजूला ठेवतो. कागदाच्या डाव्या कडेला बारीक टायपात सात-आठ नावे छापलेली असतात, ती सहसा कोणी वाचत नाही. अध्यक्ष, कार्याध्यक्ष, चिटणीस, खजिनदार आणि त्यांच्याखाली नुसतेच 'विश्वस्त'. या यादीत एखादे निवृत्त मुख्याध्यापक असतात, एक डॉक्टर, एक वकील, एखादे कारखानदार, एक चार्टर्ड अकाउंटंट आणि बहुधा एक बँकवाला. निवृत्तीच्या समारंभातला हार सुकतो न सुकतो, तोच बँकवाल्याच्या दारात कोणीतरी उभे राहते आणि म्हणते, ''साहेब, तुम्हाला हिशेब कळतो, शिवाय आता वेळही आहे. आमच्या संस्थेवर या.'' माझ्याकडेही असेच लोक आले. कादंबऱ्या लिहिणारा माणूस हिशेबात कितपत भरवशाचा, अशी शंका त्यांना आली नाही. गेली काही वर्षे, खेड्यांतून शहरात शिकायला येणाऱ्या मुलामुलींना मदत करणाऱ्या एका लहानशा संस्थेच्या बैठकांना मी बसतो आहे. बारीक टायपातली ही माणसे नेमके काय करतात आणि त्यांनी काय करायला हवे, याचा विचार तेव्हापासून डोक्यात घोळतो आहे.

'विश्वस्त' हा शब्द आपण फार सैल वापरतो. व्यासपीठावर बसणारा, हार घालून घेणारा, वर्षातून एकदा बक्षिसे वाटणारा, असा त्याचा अर्थ आपल्या मनात रुजला आहे. खरा अर्थ इतकाच, की दुसऱ्याची वस्तू ज्याच्या हवाली केली आहे तो. बँकेतही आम्ही दुसऱ्याचाच पैसा सांभाळत होतो. पण तिथे मालक काउंटरपलीकडे उभा असे. एक दिवस पासबुकात नोंद राहिली, तर तो आवाज चढवत असे आणि मॅनेजरच्या केबिनमध्ये शिरत असे. त्याच्या त्या आवाजाने आम्ही सरळ राहायचो. धर्मादाय संस्थेत पैशाचा मालक देणगीदार नसतो, कारण त्याने पैसा देऊन टाकलेला असतो. मालक विश्वस्तही नसतात. खरी मालक असते कुठल्यातरी तालुक्यातल्या वाडीवर यंदा अकरावीत शिकणारी मुलगी. पुढच्या वर्षी बारावी होऊन ती शहरात येईल तेव्हा तिला खोली, जेवण आणि फी यांसाठी हा पैसा लागणार आहे. तिला या संस्थेचे नावही ठाऊक नाही. ती बैठकीला येऊन आवाज चढवणार नाही. मालकच गैरहजर असला म्हणजे राखणदाराची कसोटी लागते, आणि विश्वस्तपणाची सगळी अडचण त्यात आली.

आधी मूठ, मग ठराव

महाराष्ट्रात गरीब विद्यार्थ्याला शिकवण्याचे काम जुने आहे. पुण्यात १९०९ साली अनाथ विद्यार्थी गृह सुरू झाले, तेच आजचे पुणे विद्यार्थी गृह. त्या काळी मुले माधुकरी मागून, वार लावून जेवत आणि शिकत. म्हणजे घरोघरच्या गृहिणी हेच एका परीने विश्वस्त मंडळ होते. ताटात काय पडते यावर संस्थेचा ताळेबंद ठरे. १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले या गावी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये संस्थेचे काम साताऱ्याला आले. तिथे सर्व जातिधर्मांची मुले एका वसतिगृहात राहू लागली, एका पंगतीला जेवू लागली. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस' असे नामकरण झाले. शेतकऱ्यांच्या घरोघरून मूठ मूठ धान्य जमवण्याचा मुष्टिफंड हा या संस्थेचा आधार होता. तोही अपुरा पडला तेव्हा लक्ष्मीबाई पाटलांनी अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही मुलांच्या जेवणासाठी दिले. १९३० साली त्या गेल्या. पुढे १९५५ मध्ये डॉ. अच्युतराव आपटे यांनी पुण्यात विद्यार्थी साहाय्यक समिती सुरू केली. ग्रामीण भागातून पुण्यात शिकायला येणाऱ्यांना राहण्या-जेवण्याची सोय आणि सोबत 'कमवा आणि शिका' असा तिचा मार्ग होता.

या सगळ्या संस्थांची सुरुवात एखाद्या पेटलेल्या माणसापासून झाली. असा माणूस असतो तोवर बैठक, ठराव, गणपूर्ती यांचे फारसे अडत नाही. धान्याची कोठी रिकामी झाली हे त्याला घरातच कळते. १९५९ च्या मे महिन्यात कर्मवीर गेले. त्यानंतर रयतेचे वडाचे झाड पसरत राहिले ते पाठीमागे माणसांची फळी आणि लिहिलेली घटना उभी होती म्हणून. हा टप्पा प्रत्येक संस्थेला कधी ना कधी गाठावा लागतो. संस्थापकाचे तैलचित्र भिंतीवर लागते आणि खाली टेबलाभोवती बसलेल्यांपैकी कोणीच काही गहाण टाकलेले नसते. माणसे चांगली असतात, पण संध्याकाळी घरी जाऊन सुखाने जेवणारी असतात. मुलांच्या पोटाची जाणीव मग कुठून आणायची? माझ्या मते ती कागदातून, आकड्यांतून आणि स्वतःवर घालून घेतलेल्या काही सवयींतूनच आणावी लागते.

एक लाखाची गोष्ट

आकड्यांचे उदाहरण देतो. १९९५ च्या सुमारास एखाद्या सद्गृहस्थांनी आईच्या स्मरणार्थ संस्थेला एक लाख रुपये दिले. अट एवढीच, की मुद्दल कायम ठेवावे आणि व्याजातून दरवर्षी एका विद्यार्थ्याचा खर्च करावा. तेव्हा बँकेत मुदत ठेवीला बारा टक्क्यांच्या आसपास व्याज मिळत असे. वर्षाचे बारा हजार, म्हणजे महिन्याला हजार रुपये. त्यात एका मुलाचे राहणे-जेवणे निघत असे. आईच्या नावाची संगमरवरी पाटी भिंतीवर लागली. आज तीच ठेव आहे, तीच पाटी आहे. व्याजाचा दर साडेसहा टक्के धरला, तर वर्षाला साडेसहा हजार रुपये येतात. पुण्यात दोन वेळच्या मेसला महिन्याला तीन हजारांच्या पुढे मोजावे लागतात. म्हणजे पाटीवरच्या मजकुराप्रमाणे जे एका विद्यार्थ्याचे वर्ष होते, ते आता जेमतेम दोन महिन्यांवर आले. कोणी अफरातफर केली नाही, दर वर्षी हिशेब तपासनीसाने सही केली, मुद्दल पैशापैशाने शाबूत आहे. तरीही त्या आईच्या नावाने शिकणारा मुलगा ऑगस्टनंतर उपाशी आहे.

यावर बँकेतला साधा उपाय असा, की सगळे व्याज खर्च करायचे नाही. चार रुपये आले तर तीन खर्चायचे आणि एक मुद्दलात घालायचा. समजा, तीस वर्षांत सरासरी आठ टक्के व्याज मिळाले आणि त्यातले दोन टक्के दरवर्षी मुद्दलात टाकले, तर एक लाखाचे सुमारे एक लाख एक्क्याऐंशी हजार होतात. महागाईला ते पुरे पडत नाहीत, पण धग कमी होते. हे मी आमच्या बैठकीत फळ्यावर लिहून दाखवले. खजिनदारांनी मान डोलावली. कारखानदार म्हणाले, ''बरोबर आहे, धंद्यातही घसारा बाजूला काढतोच की आपण.'' ठराव होणार, इतक्यात आमच्यातल्या एक निवृत्त मुख्याध्यापिका म्हणाल्या, ''म्हणजे यंदा चारातली एक मुलगी कमी घ्यायची, असंच ना?''

तसेच होते. मी म्हटले, ''हो, पण बाई, ती एक कमी केली नाही तर पंधरा वर्षांनी चारातल्या दोन कमी होतील.''

''होतील ना. पण त्या दोघींची नावं आज कुणाला माहीत नाहीत. हिचं नाव चिटणिसांच्या फायलीत आहे. नाकारायचंच असेल तर आधी नावं वाचा, मग हात वर करू.''

चिटणिसांनी फाईल उघडली. ज्यांना त्या वर्षी जागा देता येणार नव्हती त्यांची नावे, गावे, बारावीचे गुण, घरी कोण कोण आहे, जमीन किती, ती जिरायती की बागायती, हे सगळे त्यांनी एका सुरात वाचले. दहा-बारा मिनिटे गेली असतील. खोलीतले कोणी चहाला हात लावला नाही. ठराव शेवटी झाला; व्याजातला चौथा हिस्सा मुद्दलात टाकायचा हेच ठरले. पण त्याच कागदावर दुसरे एक कलम आले. या कपातीमुळे ज्या मुली बाहेर राहतात, त्यांच्या खर्चाची रक्कम विश्वस्तांनी त्याच महिन्यात लोकांकडे जाऊन उभी करायची. सात जणांनी सात याद्या वाटून घेतल्या. मी निवृत्तीनंतर वीस वर्षांपूर्वीच्या खातेदारांना फोन केले. सगळ्या मुलींची सोय झाली नाही, बऱ्याच जणींची झाली. तेव्हापासून आमच्याकडे प्रघात पडला आहे, की निवडलेल्यांची यादी मंजूर करण्याआधी नाकारलेल्यांची यादी मोठ्याने वाचायची.

बाई आणि मी, दोघेही त्या दिवशी बरोबर होतो, असे मला आजही वाटते. आजच्या मुलीचा घास काढून उद्याच्या मुलीसाठी ठेवणे हे निष्ठुर आहे, आणि उद्याच्या मुलीचा घास आज वाटून टाकून दानशूर म्हणवणे हेही प्रामाणिक नाही. विश्वस्त मंडळाला दोघींच्या मध्ये बसावे लागते. दोघींपैकी एकीचाच विचार करणारे मंडळ लवकर निर्णय घेते आणि बैठका वेळेवर संपवते, हे मी पाहिले आहे.

यातून वाट काढायचा आणखी एक जुना मार्ग आहे. भाऊरावांनी १९४० साली लक्ष्मीबाईंच्या नावाने शिक्षणोत्तेजक सहकारी पतपेढी काढली. तीच पुढे रयत सेवक सहकारी बँक झाली. शिकण्यासाठी पैसा उसना घ्यावा आणि कमावता झाल्यावर परत करावा, म्हणजे तोच रुपया पुढच्याच्या उपयोगी पडतो, हे त्यामागचे गणित. आज काही संस्था फुकट मदतीऐवजी बिनव्याजी परतफेडीची मदत देतात. माझा अनुभव असा, की नोकरी लागल्यावर खेड्यातली मुले हे पैसे आठवणीने फेडतात, फक्त संस्थेने त्यांचा पत्ता हरवता कामा नये. बऱ्याच ठिकाणी तो हरवलेला असतो.

अर्ध्या टक्क्याचा मोह

विश्वस्तांना वाटेल तसे वागता येत नाही, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, जो पूर्वी मुंबईच्या नावाने ओळखला जाई आणि आता महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो, त्याने बरीच कुंपणे घातली आहेत. संस्थेची जमीन किंवा इमारत विकायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. कर्ज काढायचे तरी लागते. विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. दर वर्षी हिशेब तपासून घ्यावे लागतात. शिल्लक पैसा कुठे गुंतवावा यालाही चौकट आहे.

तरीसुद्धा दर वर्षी कोणीतरी बैठकीत म्हणतोच, ''अमक्या ठिकाणी अर्धा टक्का जास्त मिळतो. चेअरमन आपल्या ओळखीचे आहेत.'' अशा वेळी मी दोन गोष्टी सांगतो. पुण्यातल्या रुपी बँकेवर रिझर्व्ह बँकेने २०१३ साली निर्बंध घातले आणि २०२२ मध्ये तिचा परवाना रद्द झाला. २०१९ च्या सप्टेंबरात पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले. ठेवींवरचा विमा १९९३ पासून एक लाखापर्यंतच होता, तो २०२० च्या फेब्रुवारीत पाच लाखांवर गेला. त्यापलीकडच्या ठेवीला विम्याचे संरक्षण नाही. लाखभराच्या ठेवीवर अर्धा टक्का म्हणजे वर्षाला पाचशे रुपये. तेवढ्यासाठी वसतिगृहाचे सगळे धान्य एका कोठीत ठेवायचे का, एवढेच विचारायचे. घरातल्या पैशाचा धोका माणूस स्वतःच्या जबाबदारीवर पत्करू शकतो. दुसऱ्याच्या मुलीच्या जेवणाच्या पैशावर धाडस करण्याचा अधिकार त्याला कोणी दिलेला नाही.

जून महिन्याचे दुखणे

पैसा नीट सांभाळला, तरी तो योग्य जागी आणि वेळेवर गेला पाहिजे. जुन्या संस्थांच्या घटनेत 'शालेय व महाविद्यालयीन फी, पुस्तके व वह्या' असा उद्देश लिहिलेला असतो. तो ज्या काळात लिहिला तेव्हा फी हीच मोठी भिंत होती. आता शासनाच्या योजना बऱ्याच आहेत. बारावीपर्यंतच्या ग्रामीण मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून एस.टी.चा मोफत पास मिळतो. मागास व आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांना शुल्कात सवलत आहे. २०२४-२५ या वर्षापासून आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या पात्र मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क पूर्ण माफ झाले. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी स्वाधार योजना आणि पंजाबराव देशमुख यांच्या नावाची निर्वाह भत्ता योजना आहे.

कागदावर हे सगळे ठीक आहे. पण बारावीचा निकाल लागतो मे महिन्यात, प्रवेशाच्या फेऱ्या चालतात जून ते ऑगस्ट, आणि योजनेचे पैसे खात्यावर येईपर्यंत पुष्कळदा दुसरे सत्र उजाडते. मधल्या काळात खोलीची अनामत, मेसचा आगाऊ महिना, दाखल्यांसाठी तालुक्याला मारलेल्या चार खेपा, आणि आता अभ्यासासाठी लागणारा लॅपटॉप, हे सगळे रोख आणि ताबडतोब लागते. पाऊस लांबलेला असतो, पेरणीसाठी घरात आधीच उसनवारी झालेली असते. मुलगी फीअभावी परत जात नाही, आठ-दहा हजारांच्या या खिंडीत अडकून परत जाते. एकदा परत गेली, की बहुधा दिवाळीनंतर तिच्या लग्नाची पत्रिकाच येते.

म्हणून विश्वस्तांची बैठक कधी होते, याला फार महत्त्व आहे. ज्या संस्थेची निवड समिती अध्यक्षांच्या सवडीने ऑगस्टच्या शेवटी बसते, तिने कितीही मोठी रक्कम वाटली, तरी ती परत न गेलेल्यांनाच वाटलेली असते. जाणकार मंडळे मेच्या आत अंदाजपत्रक पुरे करतात आणि ठराविक रकमेपर्यंत खर्च करण्याचा अधिकार चिटणिसांना किंवा वसतिगृहाच्या रेक्टरांना देऊन ठेवतात. एका सहीसाठी मुलीला तीन दिवस स्टँडवर बसावे लागू नये, एवढी काळजी घेतली तरी पुष्कळ झाले.

निवडीचे तसेच. उत्पन्नाचा दाखला सगळ्यांकडे असतो, आणि त्यावरचे आकडे एकमेकांचे सख्खे भाऊ शोभावेत इतके सारखे असतात. घरी जाऊन आल्याशिवाय खरे कळत नाही. भिंत कुडाची की विटांची, पाणी कुठून आणतात, धाकटी भावंडे शाळेत जातात की नाही, आजी आजारी आहे का, हे अर्जाच्या रकान्यात मावत नाही. गृहभेटीला विश्वस्तांनी आळीपाळीने जावे. साठीपुढच्या माणसाला एस.टी.चा प्रवास थोडा जड जातो खरा, पण परत येताना तो बैठकीसाठी चांगला तयार होऊन येतो.

नियम करतानाही जपावे लागते. 'किमान पंच्याऐंशी टक्के गुण' असा एक नियम केला, की कागदावर तो गुणवत्तेचा वाटतो. पण दिवसा रानात राबून रात्री अभ्यास करणाऱ्या मुलाचे बहात्तर टक्के त्याच्या खाली गाडले जातात. वसतिगृहाच्या नियमाने कोण बाहेर फेकला जाईल, हे सांगता येत नाही. भाऊराव स्वतः विद्यार्थी असताना कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात होते. अस्पृश्य मानल्या गेलेल्या विद्यार्थ्यांसाठी १९०८ साली निघालेल्या मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला ते गेले, परत आल्यावर स्नान करण्यास त्यांनी नकार दिला आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले, असे त्यांच्या चरित्रांत आले आहे. नियम मोडला म्हणून बाहेर गेलेल्या त्या मुलाने पुढे हजारोंसाठी दारे उघडली. व्यवस्थापनाच्या खुर्चीत बसलेल्यांनी ही गोष्ट अधूनमधून आठवावी.

खुर्ची, पाटी आणि पुतण्या

विश्वस्त मंडळे बिघडतात ती सहसा चोरीने नाही; ओळखीने आणि सवयीने बिघडतात. अध्यक्षांच्या पुतण्याला बांधकामाचे काम मिळते. काम वाईट होतेच असे नाही, पण त्याच्या बिलावर प्रश्न विचारायला बैठकीत जीभ रेटत नाही. हा प्रश्नही आपल्याकडे जुनाच. डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४ साली निघाली तेव्हा अल्प वेतनावर आयुष्य वाहणारे आजीव सदस्य हा तिचा कणा होता. त्या सदस्यांनी बाहेरची कामे आणि मिळकत ठेवावी की नाही, यावर वाद पेटला आणि १८९० साली लोकमान्य टिळक राजीनामा देऊन बाहेर पडले. सगळी मोठी माणसे होती, हेतूबद्दल शंका नव्हती. तरीही संस्थेचे हित आणि स्वतःचे हित यांच्या मधली रेघ कुठे ओढायची, यावर एकमत झाले नाही. आपल्यासारख्या सामान्यांनी ती रेघ आधीच लिहून ठेवलेली बरी. नातेवाइकाचा विषय निघाला, की त्या विश्वस्ताने उठून बाहेरच्या खोलीत बसावे, आणि इतिवृत्तात तशी नोंद व्हावी.

देणगीदारांची पाटी हा आणखी एक नाजूक भाग. साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजची एक गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. मोठी देणगी देतो, पण कॉलेजला माझ्या घराण्याचे नाव द्या, असे एकाने सुचवले. त्यावर भाऊरावांचे उत्तर असे सांगतात, की वेळ पडल्यास स्वतःच्या वडिलांचे नाव बदलीन, पण कॉलेजचे शिवाजीमहाराजांचे नाव बदलणार नाही. इतका ताठ कणा प्रत्येकाला परवडतो असे नाही. पण 'फक्त आमच्या जातीच्या', 'फक्त आमच्या गावच्या', 'फक्त पहिल्या आलेल्या' अशा अटी घालून आलेला पैसा घ्यावा का, हा प्रश्न प्रत्येक मंडळापुढे कधीतरी येतोच. नाही म्हणायलाही खजिन्यात थोडी शिल्लक असावी लागते, म्हणून पुन्हा त्या चौथ्या रुपयाचे महत्त्व.

आणि खुर्ची. आपल्याकडे माणूस विश्वस्त होतो तो पुष्कळदा तहहयात. ऐकू येत नाही, जिना चढवत नाही, तरी लेटरहेडवर नाव असते. २०२५ साली कायद्यात दुरुस्ती होऊन तहहयात विश्वस्तांचे प्रमाण एकूण संख्येच्या एकचतुर्थांशापेक्षा जास्त नसावे, असे बंधन आले. कायद्याची वाट कशाला पाहायची? ज्यांना या संस्थांनी शिकवले ते आता चाळिशी-पन्नाशीचे झाले आहेत. कोणी इंजिनिअर आहे, कोणी तहसीलदार, कोणी स्वतःचा छोटा कारखाना चालवते. वसतिगृहातल्या आमटीत डाळ किती आणि पाणी किती, हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त कळते. आमच्या मंडळात आता दोन माजी विद्यार्थिनी आहेत. त्यांच्यामुळे पहिल्याच वर्षी मुलींच्या वसतिगृहाच्या मागच्या बाजूचा दिवा, संडासाच्या दाराची कडी आणि रात्रीच्या एस.टी.ने येणाऱ्या मुलीला गेट उघडून देण्याचा नियम, असे तीन विषय बैठकीत आले. त्याआधीच्या इतिवृत्ताच्या वह्यांत हे विषय मला कुठेही सापडले नाहीत.

आता तुमच्यासाठी दोन शब्द. सुट्टीच्या दिवशी हा मजकूर वाचणाऱ्यांपैकी पुष्कळांनी अशा एखाद्या संस्थेला आई-वडिलांच्या स्मरणार्थ काही ना काही दिले असेल, किंवा द्यायचे मनात असेल. जरूर द्या. पण चेक लिहिण्याआधी मागच्या दोन वर्षांचे तपासलेले हिशेब मागा. ठेवी कोणत्या बँकांत आहेत ते विचारा. गेल्या वर्षी किती मुलांना नाही म्हणावे लागले हेही विचारा. जिथे हा आकडा तोंडपाठ असेल, तिथे पैसा निर्धास्त द्या. 'आम्ही कोणालाच नाही म्हणत नाही,' असे उत्तर आले, तर अर्ज लिहून घेतात की नाही ते पाहा. आणि जमल्यास मुद्दल कायम ठेवण्याची अट थोडी सैल करा. पाटी राहण्यापेक्षा मुलगा राहणे महत्त्वाचे.

उद्या तुमच्याच दारात कोणी आले आणि 'आमच्या संस्थेवर या' म्हणाले, तर लगेच हो म्हणू नका, लगेच नाहीही म्हणू नका. आधी त्यांच्या वसतिगृहात, न कळवता, रात्रीच्या जेवणाला जा. मुलांच्या ओळीत बसा, तेच ताट घ्या. शेजारच्या मुलाला गाव विचारा, यंदा पाऊस कसा आहे ते विचारा, घरी पैसे पाठवायला कोण आहे ते विचारा. ताट स्वतः धुऊन जागेवर ठेवा. मग घरी येऊन ठरवा.